तिसरा तुकडा

बाईंनी चिमट्याने बशीतलं रॉकेल पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. सोडियमचे दोनच तुकडे हाती लागले. कापले होते तीन, सगळ्या वर्गासमोर, साध्या चाकूने.

“तिसरा कुणी उचललाय?”

वर्ग चिडीचूप. एरवी या प्रयोगशाळेत कान किटतील असा गलका असे. सत्राच्या सुरुवातीला बाईंनीच खेळ काढला होता. प्रत्येकाला एकेक मूलद्रव्य वाटून दिलं, हजेरीही त्याच नावाने घ्यायची आणि वागायचंही त्याच्याच स्वभावाने. कार्बनने चौघांचे हात धरल्याशिवाय खेळायला जायचं नाही. ऑक्सिजन जिथे तिथे नाक खुपसायचा. सोनं कुठल्याच कामाला हात लावत नसे आणि त्याला कुणी बोलूही शकत नसे. मूलद्रव्यांचा तक्ता बघून जांभया देणारी मुलं आता एकमेकांशी संयुगं करत हिंडत होती.

सोडियम होती मागच्या बाकावरची एक मुलगी. राग सदा नाकाच्या शेंड्यावर. पूर्वी शाळेत काही हरवलं, काही फुटलं, की बोट तिच्याकडेच वळायचं, आणि एकदोनदा ते बरोबरही ठरलं होतं. सोडियम झाल्यापासून मात्र तिच्या रागाचं चक्क कौतुक व्हायला लागलं. ती तडकली की मुलं ओरडायची, “पाणी लांब ठेवा रे!” आणि तीही हसून सोडून द्यायची. खरं सांगायचं तर बाईंना परीक्षेच्या निकालापेक्षा या गोष्टीचा जास्त अभिमान होता.

“हे बघा, ही गंमत नाही. पाणी लागलं की सोडियम पेट घेतं; घामेजलेला हात लागला तरी भाजेल. खिशात असेल, दप्तरात असेल, आत्ता सांगा. मी रागावणार नाही.”

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि सगळी सवयीने नळाकडे जायला उठली. बाईंनी धावत जाऊन दाराला कडी घातली.

“कुणीही बाहेर जायचं नाही. पाण्याजवळ तर मुळीच नाही.”

“बाई, घसा कोरडा पडलाय,” लोखंड कुरकुरलं.

“खाली बस.”

“सोडियमचाच तर आहे तो तुकडा,” ऑक्सिजन शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. “तिनेच घेतला असणार.”

कुणीतरी फिसकन हसलं. मुलीने ऑक्सिजनकडे पाहिलं नाही, बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्या क्षणी त्याला दटावायला हवं होतं.

“सोडियम, दप्तर घेऊन ये,” त्या म्हणाल्या.

तिने दप्तर टेबलावर उपडं केलं. वह्या, दात तुटलेला कंगवा, कुरतडलेलं खोडरबर. बाईंनी कंपासपेटीही उघडून पाहिली.

“खिसे.”

तिने दोन्ही खिसे उलटे केले. अस्तर बाहेर लोंबत राहिलं; तिने ते आत घातलं नाही. आणखी कुणाचं दप्तर मागावं असं बाईंच्या मनातही आलं नाही.

दारावर थाप पडली. मुख्याध्यापक होते. हा खेळ त्यांना पहिल्यापासून खुपत होता. बाईंनी झालं ते सांगितलं, तसा त्यांचा आवाज चढला.

“शिकवायचं सोडून ही सोंगं कशाला, हेच म्हणत होतो मी. आता घेणारा सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही. आणि सापडला की त्याच्या हातात दाखला. दुसरी शाळा बघ म्हणावं.”

पुढच्या बाकावरचं एक पोर रडकुंडीला आलं. बाईंच्या कपाळावर घाम फुटला होता. रुमाल काढायला त्यांनी एप्रनच्या खिशात हात घातला आणि बोटांना घडी घातलेला टीपकागद लागला. तेलकट, आणि किंचित कोमट.

आत्ता त्यांना आठवलं. मघाशी तुकडे कापताना हायड्रोजन आणि ऑक्सिजन टेबलाजवळच्या जागेवरून ढकलाढकली करत होते. रॉकेलची बरणी डगमगली होती. टिपायला घेतलेला तुकडा कागदासकट खिशात कोंबून बाईंनीच दोन्ही हातांनी ती बरणी सावरली होती.

“मी घेतला,” मुलगी म्हणाली.

मुख्याध्यापक वळले. “कुठे आहे?”

“टाकून दिला.”

“कुठे टाकलास?”

“आठवत नाही. यांना पाणी प्यायला सोडा.”

हे असंच असणार होतं, अशी मान हलवली त्यांनी. बाईंचा हात अजून खिशातच होता. गप्प राहिलं तर नोकरी शाबूत, नावही शाबूत. हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आला हे त्यांना पुढे कधी नाकारता आलं नाही.

त्यांनी कागद बाहेर काढला, उलगडला आणि तिसरा तुकडा बशीत सोडला.

“सर, माझ्याच खिशात होता. मीच ठेवला आणि विसरले.”

मुख्याध्यापकांनी बशीत वाकून पाहिलं. “मग ही ‘मी घेतला’ कशाला म्हणाली?”

मग ते दाराकडे वळले.

“सोडा मुलांना. आणि सुट्टीनंतर मला येऊन भेटा.”

ते गेले. पाठोपाठ मुलंही नळाकडे पळाली. मुलगी टेबलावरच्या वह्या एकेक करून दप्तरात भरत होती.

“घेतला नव्हतास, मग का म्हणालीस?”

“नाही म्हटलं असतं तर तुम्हाला खरं वाटलं असतं?”

बाईंनी टेबलावरची कंपासपेटी तिच्या हातात दिली.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “वर्ग भरला की सगळ्यांसमोर सांगते.”

“सांगा.” तिने दप्तराचा बंद ओढला. “बाई, मला बदलून द्याल?”

“काय?”

“मूलद्रव्य. कुणाशी जुळत नाही, कुणाशी भांडत नाही, आपलं आपलं एकटं राहतं, असं एखादं असतं ना?”

अशी सहा होती, निष्क्रिय वायू. समोरच्याच तक्त्यात, शेवटच्या उभ्या रकान्यात, एकाखाली एक. बाईंना ती झोपेतही म्हणता आली असती.

“नाही,” त्या म्हणाल्या. “असं एकही नसतं.”

मुलीने तक्त्याकडे पाहिलं, डावीकडून सावकाश उजव्या टोकापर्यंत. मग बाईंकडे पाहिलं. आणि पाणी प्यायला निघून गेली.