नावं झाकणारा हिरवा पडदा

मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नाही, दाराचा नाही आणि नाटकाचा तर मुळीच नाही. मित्रांनो, मी एका फळ्याचा पडदा होतो. फळ्याला पडदा कशाला, असं तुम्ही विचाराल. माझं सगळं आयुष्य त्याच प्रश्नाच्या उत्तरात गेलं, म्हणून सांगतो. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या. आता दमलोय मी, आणि मला सवय झाकायची आहे, बोलायची नाही.

जन्माने मी चादर. अंधेरीला एका ट्रस्टचा छोटासा दवाखाना आहे. तिथल्या तपासणीच्या खाटेवर मी हिरवागार, कडक इस्त्रीचा पसरलेला असायचो. पाच वर्षांत मधोमध विरलो. विरलेल्या चादरीचं पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, तिचं लादी पुसायचं फडकं होतं. माझंही झालंच असतं, पण रश्मी सिस्टर मध्ये आली.

रश्मी सिस्टर टीबीच्या खोलीत काम करायची. रोज मानखुर्दहून यायची. तिच्या घराण्यातली ती पहिली नर्स. वडील भीमराज आयुष्यभर एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते, आणि रिटायर झाल्यावर त्यांनी एकच काम अंगावर घेतलं, पोरीचा पांढरा युनिफॉर्म इस्त्री करायचा. नोकरी मात्र कंत्राटी. दर मार्चमध्ये नवा कागद येणार की नाही, याची धाकधूक. अशी तिची सात वर्षं गेली.

तिच्या खोलीत एक पांढरा फळा होता. कोणाचं औषध कधी सुरू झालं, कोण ठरल्या दिवशी आलं नाही, हे सगळं त्यावर नावागावासकट लिहिलेलं असे. रश्मीला ते एका नजरेत दिसायला हवं होतं. अडचण एवढीच की ते सगळ्यांनाच दिसायचं. एकदा एक बाई गोळ्या घ्यायला आल्या आणि फळा वाचत बसल्या. मग म्हणाल्या, "अय्या, ही तर आमच्या बिल्डिंगमधली. म्हणून लिफ्टमध्ये खोकते होय."

रश्मीचा चेहरा उतरला. त्याच दुपारी तिने अर्धा डबा तसाच ठेवला, मला गठ्ठ्यातून ओढून काढलं, कात्रीने विरलेला भाग कापला आणि कडेला टीप घातली. सखुमावशीने माझ्यात नाडी ओवली. फळ्याच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकले आणि मी पडदा झालो.

सखुमावशी म्हणजे सखुबाई, दवाखान्यातल्या सफाईच्या मावशी. खारदांड्याची कोळीण. आवाज असा की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही आपला नंबर कळायचा. तिने आणि रश्मीने मिळून एक नियम केला, आधी दार, मग पडदा. फळा बघायचा असेल तर आधी दार लावायचं, मगच मला बाजूला सारायचं. काम झालं की पुन्हा मी जागेवर. हो, आणि मला वाचताही येतं. सहा वर्षं नावांच्या फळ्याला नाक लावून राहिलात तर तुम्हालाही येईल.

एकदा ट्रस्टची मोठी माणसं पाहणीला आली. त्यांतल्या एकाने मला हात लावून विचारलं, "ही आयडिया कोणाची?"

"आमच्या पोरीची," सखुमावशी म्हणाली. "चादर तुमची, अक्कल तिची."

सगळे हसले. माझी नाडी त्या दिवशी किती ताठ होती म्हणून सांगू.

मग एका ऑक्टोबरमध्ये कल्पिता आली. बावीस वर्षांची, खारदांड्याचीच. आईबरोबर बाजारात मासे विकायची. घराजवळ दवाखाना असताना ती अंधेरीला का आली? कारण घराजवळ सगळे ओळखीचे. आणि पहिल्याच दिवशी दारात समोर कोण, तर तिच्याच गल्लीतली सखुमावशी. कल्पिता तिथूनच मागे वळली. तेवढ्यात मावशी रांगेला ऐकू जाईल असं बोलली, "ओ बाई, नवीन दिसता. नाव काय तुमचं? बसा इथे, घाबरू नका."

कल्पिता बघतच राहिली. मग गुपचूप बसली.

पुढचे साडेतीन महिने मावशीने तिला दवाखान्यात एकदाही ओळख दाखवली नाही. कोळीवाड्यात दिसली की "काय गो कल्पे", आणि इथे "बसा बाई". रश्मीला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की गोळ्यांचं पाकीट हातातून पडलं. म्हणाली, "मावशी, तुला सिनेमात घ्यायला पाहिजे."

"मला नको. तिथं पण झाडूच देतील," मावशी म्हणाली.

मित्रांनो, इथपर्यंत माझी गोष्ट चांगली आहे. इथेच थांबायचा मोह होतो मला.

जानेवारीच्या शेवटी सखुमावशी रिटायर झाली. निरोप समारंभ रश्मीच्याच खोलीत ठेवला, कारण पेशंट गेल्यावर ती एकच खोली रिकामी. फुगे आले, केक आला, मावशीच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट आला. औषधाच्या खिडकीवरची सपना फोटो काढायला पुढे आली आणि मोबाईल डोळ्यांसमोरून खाली घेत म्हणाली, "रश्मी, हा पडदा बघ ना यार. किती मळलाय. फोटोची वाट लागते."

मी मळलो होतो हे खरं आहे. पूर्वी दर शनिवारी मला धुवायचे. मग पेशंट वाढले, शनिवार कमी पडायला लागले. दोन महिन्यांत माझ्या अंगाला पाणी लागलं नव्हतं. खालच्या कडेला हातांचे काळे डाग, कोपऱ्यात चहाचा ओघळ.

रश्मीने माझ्याकडे बघितलं, जरा ओशाळली, आणि मला वर उचलून फळ्याच्या मागे खोचलं. दार लावलेलंच होतं. नियम पाळल्यासारखा वाटला तिला. मावशीच्या गळ्यात हात टाकून तिने फोटो काढून घेतला. दोघी काय छान हसत होत्या. आणि त्या दोन हसऱ्या डोक्यांच्या मधून फळा स्वच्छ दिसत होता.

सगळे गेल्यावर रश्मीने मला पुन्हा नीट खाली सोडलं. तोपर्यंत फोटो तिच्या स्टेटसवर गेला होता: "आमची सखुमावशी आज रिटायर. मिस यू."

पुढचं मला नंतर कळलं. मावशीच्या भाच्याने तो फोटो अभिमानाने कोळीवाड्याच्या ग्रुपवर टाकला. आपल्या मावशीचा मुकुटातला फोटो कोण नाही टाकणार? सगळ्यांनी फुलं पाठवली, हात जोडले. आणि कोणीतरी दोन बोटांनी फोटो ताणून मोठा केला.

सोमवारी कल्पिता आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी सखुमावशी आली आणि पेशंटच्या स्टुलावर बसली. मी तिला कधी तिथे बसलेलं बघितलं नव्हतं.

"काय गं मावशी, करमत नाही ना घरी?" रश्मी म्हणाली.

"तुझा तो फोटो काढ बाहेर," मावशी म्हणाली. "आता मोठा कर. आपल्या दोघींच्या मध्ये काय हाय ते वाच."

रश्मीने वाचलं. कल्पिताचं नाव, खारदांडा, औषध सुरू झाल्याची तारीख.

"चार दिवस झाले, तिच्या टोपलीला कोणी हात लावत नाय," मावशी सांगू लागली. "रोजच्या गिऱ्हाइकीण बाया. सुरमई उचलतात, तिचं तोंड बघतात आणि परत ठेवतात. आईने तिला घरी बसवली. पोरीने गोळ्या बंद केल्या. बोलते, आता काय उपयोग."

"अगं पण तिच्यापासून आता कोणाला काही होणार नाही. तपासलंय आपण."

"फोटोत ते लिहिलेलं नाय ना, पोरी."

रश्मी स्टेटस पुसायला गेली, पण चोवीस तास उलटून ते आपोआपच गेलं होतं. पुसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. संध्याकाळी ती मावशीबरोबर खारदांड्याला गेली. कल्पिताने दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी गेली, तेव्हाही नाही. तिसऱ्या दिवशी कल्पिताच्या आईचं तक्रारीचं पत्र ट्रस्टकडे पोहोचलं.

मार्तंड सर म्हणजे आमचे मोठे डॉक्टर. माणूस वाईट नाही. एप्रिलपासून चार जणींना कायम करायचं ठरलं होतं आणि त्या यादीत रश्मीचं नाव त्यांनीच घातलं होतं. भीमराजनी तर मानखुर्दच्या आख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं. सर खोलीत आले, दार लावलं आणि रश्मीसमोर कोरा कागद ठेवला.

"लिही," ते म्हणाले. "पडद्याची नाडी तुटली होती. फोटोच्या वेळी लक्षात आलं नाही. मी खाली सही करतो, विषय संपला."

रश्मी वळून माझ्याकडे बघू लागली. मित्रांनो, खरं सांगतो, मी तयार होतो. एका विरलेल्या चादरीवर आळ आला तर तिचं काय जाणार आहे? मला कोणी कायम करणार नव्हतं. मनात म्हटलं, घे रश्मी, ओढ नाडी, तुटते लगेच.

"नाडी तुटली नव्हती सर," ती म्हणाली. "मी खोचला होता."

"मला माहीत आहे. मी काय लिहायचं ते सांगतोय."

"असं लिहिलं तर तुम्ही नवी नाडी आणाल आणि सगळं तसंच चालू राहील."

"रश्मी, तुझं पर्मनंटचं आहे. सात वर्षं काढलीस इथे."

"हो सर." तिने कागद पुढे ओढला. "पण ती मुलगी इतक्या लांब येत होती, ती आमच्या भरवशावर."

तिने खरं ते लिहिलं. पाच ओळी होत्या, मी वाचल्या. यादीतून तिचं नाव गेलं. मार्चनंतर नवा कागद आला नाही, आणि जो दाखला मिळाला त्यावर कारण लिहिलेलं होतं, पेशंटची माहिती उघड केल्याबद्दल.

फळाही काढून टाकला. नावं कम्प्युटरमध्ये गेली. रश्मीच्या शेवटच्या दिवशी सपनाने मला जमिनीवरून उचललं. "हा पुसायला घेऊ का गं?" असं ती विचारत होती, पण अर्ध्यातच तिला रडू आलं. रश्मीने मला तिच्या हातातून घेतलं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवलं. "तुझी काही चूक नाही. खोचला मी होता," एवढंच म्हणाली.

आता मी मानखुर्दला मोरीचा पडदा आहे. हसू नका. रोज अंगावर पाणी उडतं, त्यामुळे आयुष्यात कधी नव्हतो इतका स्वच्छ आहे.

रश्मीने घाटकोपरला मुलाखत दिली, मुलुंडला दोन दिल्या. मुलाखत चांगली होते, हसून चहा देतात, मग तो दाखला वाचतात आणि कळवतो म्हणतात. सध्या ती घाटकोपरला एका आजारी आजींच्या घरी सांभाळायला जाते, साध्या कपड्यांत. भीमराज तरीही दर रविवारी पांढरा युनिफॉर्म इस्त्री करतात. पहिल्यांदा रश्मी म्हणाली, "आण्णा, कशाला?" ते म्हणाले, "सुरकुत्या पडतात गं नुसता ठेवला की." तेव्हापासून ती विचारत नाही.

आणि सखुमावशी? तिने आपल्या परीने निस्तरायला घेतलं. रोज सकाळी ती कल्पिताच्या दाराशी जाऊन उभी राहायची. पंधरा दिवसांनी दार उघडलं. मग ती तिला घेऊन अंधेरीला जाऊ लागली, उजळ माथ्याने, नावाने हाक मारत. कल्पिता गोळ्या सपनाच्या खिडकीवरून घ्यायची, रश्मीच्या खोलीत पाऊल ठेवायची नाही. दुपारी बाजारात तिच्या टोपलीशेजारी बसून आल्यागेल्याला ओरडून सांगायची, "मी हिच्याच हातचे बोंबील खाते रोज. बघा, मेले का?" हळूहळू दोन बाया आल्या, मग चार. सगळ्या नाही आल्या. काही अजूनही पलीकडच्या टोपलीपाशी थांबतात.

जूनमधल्या एका रविवारी दुपारी दार वाजलं. मावशी होती आणि तिच्यामागे कल्पिता, हातात माशांची पिशवी. भीमराजनी पिशवी घेतली, आत बघितलं आणि काही न विचारता गॅस पेटवला. रश्मी उभीच. 

"मी तुम्हाला माफ नाय केलंय अजून," कल्पिता म्हणाली.

"नको करूस."

"पण कोर्स संपला. शेवटचा रिपोर्ट मिळाला." तिने पिशवीतून पाकीट काढलं. "आईला पण दाखवला नाय अजून. मी बोलली, पहिला तुम्हाला दाखवायचा."

रश्मीने हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. मग ती उघड्या दाराशी गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर गल्लीतली पोरं खेळत होती, त्यांचा आवाज एकदम कमी झाला.

"आता कशाला?" कल्पिता म्हणाली. "सगळ्यांना माहीत हाय."

"असू दे त्यांना माहीत," रश्मी म्हणाली. "हा कागद तुझा आहे."

कल्पिता तिच्याजवळ आली. मग तिने स्वतःच पाकीट उघडलं आणि कागद रश्मीच्या हातात दिला. दोघी एकमेकींच्या डोक्याला डोकं लावून वाचत होत्या. मोरीवरून मलाही दिसत होतं, पण मी नाही वाचलं. कल्पिताचे डोळे भरून आले आणि ती हसली, तेवढं मला पुरलं.

मित्रांनो, आता थकलो. एकच मागणं आहे. तुमच्याही हातात मोबाईल असतो आणि तुमच्याही आवडत्या माणसाचा निरोप समारंभ होईल. फोटो काढताना त्याचं हसू नीट येतंय का ते जरूर बघा. पण बटण दाबण्याआधी एकदा त्याच्या मागेही बघा. तिथे कोणाचं तरी नाव असेल. आणि एखादा मळका पडदा मध्ये येत असेल तर त्याला वर खोचू नका. धुवा त्याला.