पटावरचा लाभ

बालवाडी वाचली. पण ते अजून घडलंच नाही असं धरून चालू; कारण त्या वेळी वच्छलाबाई नलूचं नाक पुसत होत्या, आणि तपासणीचे साहेब मधुकरराव बैलबंडीतून उतरत होते.

समुद्रपूरकडच्या या गावात सरकारी बालवाडी टिकायची तर वीस मुलं हवी होती. होती एकोणीस. बाईंनी दोन दिवस घरोघर पायपीट केली. विसावं मूल गावातल्या कोकिळाच्या पोटात होतं आणि त्याला कसलीही घाई नव्हती. बालवाडी बंद झाली की बाईंची नोकरी जाणार, आणि ही एकोणीस पुन्हा आयांच्या मागं कापसाच्या वावरात.

मधुकररावांनी खुर्ची ओढली, रजिस्टर उघडलं आणि मान खाली घातली. ती त्यांनी शेवटपर्यंत वर केली नाही. तपासणी कागदाची असते, मुलांची नव्हे, असं त्यांचं मत होतं.

"ओळीनं आकडे म्हणा."

पहिली नलू. "लाभ."

बाईंनी डोळे मिटले. पाट्या नव्हत्या, म्हणून त्यांनी आकडे शिकवले ते रूपराव पाटलांच्या खळ्यावर, ज्वारी मापता मापता. आणि खळ्यावर पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. एक म्हटलं की बरकत जाते.

"नाव नाही विचारलं. आकडा," साहेब लिहिता लिहिता म्हणाले.

बाईंनी नलूला हळूच ढोसलं.

"एक," नलू नाइलाजानं म्हणाली. पुढं दोन, तीन करत ओळ न अडखळता एकोणीसवर थांबली.

"उत्तम. हे एकोणीस आणि तो लाभ. वीस." साहेबांचं बोट पटावरून फिरलं. "पण लाभ पटावर नाही. बाई, हे बरं नाही."

"साहेब, लाभ म्हणजे आमच्या इकडं..."

"गरिबाचं पोट्टं आहे जी," दारात टेकलेले रूपराव म्हणाले. "लिवाचं राह्यलं असन."

"वडिलांचं नाव?"

"गणपतराव," चौकटीवरच्या गणपतीकडे आणि त्याच्या बाजूच्या 'शुभ-लाभ'कडे बघत रूपराव म्हणाले.

"राहतात कुठे?"

"आता कसं सांगाव जी. ज्याच्या घरी पाय लागले त्याच्या घरी."

"फिरस्ते," साहेब पुटपुटले आणि रजिस्टर बाईंकडे सरकवलं.

बाईंनी टाक उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग विसाव्या ओळीत लिहिलं: लाभ गणपतराव. अक्षर मात्र सुरेख आलं.

बंडी वळणाआड गेली.

"पोट्टं गुणाचं आहे, बाई," रूपराव म्हणाले. "जेवाले मांगत नाई."

बाई सतरंजीवर बसल्या आणि पदरात तोंड घालून हसत सुटल्या. एकोणीस मुलं काहीही न कळता त्यांच्यासोबत हसली.

पंधरा दिवसांनी वर्ध्याहून मंजुरी आली. खाली तांबड्या शाईत शेरा होता:

"कुमार लाभ याचे अंकज्ञान कच्चे असून, विचारले असता तो आकड्याऐवजी स्वतःचे नाव सांगतो. तरी त्याचे वडील श्री. गणपतराव यांनी सदर मुलास घेऊन, स्वतःच्या वाहनाने, येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता या कार्यालयात समक्ष हजर राहावे, ही विनंती."