दाण्यापेक्षा लहान वाड्या

अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीत मैना ओव्हाळला सगळ्यात जास्त राग कोणाचा येत असेल, तर कर्जतमधल्या एका भाताच्या गिरणीचा. गिरणी खाली होती आणि मैनाचा वर्ग तिच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर. गिरणी सुरू झाली की वरची फरशी थरथरायची, फरशीबरोबर टेबल थरथरायचं आणि टेबलावर चिकटपट्टीने बसवलेला अख्खा खालापूर तालुका थरथरायचा. त्या थरथरत्या तालुक्यावरून तिला ओढ्याची रेष गिरवायची असायची.

मुंबईच्या एका संस्थेने कर्जतला हा अभ्यासक्रम काढला होता. कंप्युटरवर नकाशे तयार करायला शिकायचं आणि शिकता शिकता संस्थेचं कामही करायचं. काम होतं कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांच्या नळपाणी योजनेसाठी नकाशा बनवायचं. मैना भूगोल घेऊन बी.ए. झालेली. हाताने नकाशे सुरेख काढायची. कॉलेजात तिचे तक्ते भिंतीवर लागायचे. तिला वाटलं होतं, कंप्युटर नकाशा काढेल आणि आपण बघायचं. इथे आल्यावर उलटंच निघालं. कागदावरचा नकाशा टेबलावर पसरायचा, मुठीत मावणारा एक ठोकळा त्यावर धरायचा, ठोकळ्याच्या काचेतली बारीक फुली रेषेवर आणायची आणि बटण दाबायचं. पुढे सरकायचं, पुन्हा बटण. असं करत प्रत्येक ओढा, प्रत्येक बांध, प्रत्येक गाव मशीनला भरवायचं.

बरं, भरवलं तरी मशीन खूश नसायचं. शेताची हद्द सगळी गिरवून फुली पहिल्या जागी आणली, तरी पडद्यावर इंग्रजीत यायचं, आकृती बंद झालेली नाही.

"झालीय की बंद! डोळे फुटलेत का याचे?" मैना म्हणायची.

"तुला दिसते ती बंद, त्याला दिसते ती उघडी," प्रधान सर शांतपणे म्हणायचे. "पुन्हा कर."

प्रधान सरांचे हे दोन शब्द ऐकले की तिच्या कपाळाची शीर उडायची. सर पन्नाशीचे, सडपातळ, हातात कायम मऊ फडकं. गिरणीतून तुसाची धूळ उडत यायची, ती मशीनवर बसू नये म्हणून ते दिवसभर पुसत असायचे. माणसांशी कमी आणि मशीनशी जास्त मायेने वागायचे. मैना पुन्हा करायची. आकृती बंद व्हायची. ती साठवून ठेवायच्या आत वीज जायची.

घरी वेगळाच जाच. तिचे वडील श्रीपत साजगावच्या एका कारखान्यात कामाला. मुलगी कंप्युटर शिकते हे त्यांनी पाळीतल्या प्रत्येक माणसाला सांगून ठेवलेलं.

"मैने, येकदा तो नकाशा घरी आण गं," ते म्हणाले. "आपलं घर कुटं दिसतं ते दाखव सगळ्यांना."

"बाबा, नकाशा बाहेर न्यायला बंदी आहे. सर कपाटाला कुलूप लावतात."

"आपल्याच गावाचा नकाशा आन् आपल्यालाच बंदी?"

"सरकारी नियम आहे."

"मंग त्या कंप्युटरमधून काढून आण."

"अजून आकृतीच बंद होत नाही, तर काढू काय!" ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारची चंद्राबाई दारात येऊन बघून गेली.

आई, मालनबाई, भाकरी थापता थापता म्हणाली, "शिकायला गेलीय का भांडायला, तेच कळंना."

फेब्रुवारीत साजगावचा भाग टेबलावर आला. मैनाने कारखान्यांची कुंपणं गिरवली, गाव गिरवलं, आणि मग गावापासून थोडी बाजूला असलेली तिची स्वतःची वस्ती. कागदावर ती चारदोन काळे ठिपके एवढीच होती. तिने त्याभोवती काळजीने रेष फिरवली. त्या दिवशी आकृती पहिल्याच फटक्यात बंद झाली आणि तिला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी तपासणी केली आणि त्या आकृतीवर पेन्सिलीने काट मारली.

"भाताच्या दाण्यापेक्षा लहान आहे. दाण्यापेक्षा लहान काही ठेवायचं नाही. आजूबाजूच्या भागात मिसळून टाकायचं. आजूबाजूला काय आहे?"

"पडीक."

"मग पडीकात घाल."

"सर, तिथे मी राहते."

सरांचं फडकं थांबलं. ते जरा ओशाळले, पण म्हणाले, "नियम मी केलेला नाही. मुंबईहून आलाय. अशा बारीक आकृत्या ठेवल्या तर मशीनला पेलत नाही."

"आणि असं किती जणांना पडीकात घातलंय आपण?"

सर पुन्हा मशीन पुसू लागले. मैनाने मागचे सगळे कागद पुन्हा काढून पाहिले. डोंगरपायथ्याच्या ठाकरांच्या वाड्या तिने स्वतःच, न कुरकुरता, जंगलात मिसळून टाकल्या होत्या. तिथे तिला काहीच खटकलं नव्हतं. आता मात्र संताप आला, आणि तो नेमका कोणावर काढावा हे कळेना.

मार्चमध्ये जागेवर जाऊन नकाशा तपासायची पाळी आली. मशीनमधून काढलेला नकाशा घेऊन, एसटीने आणि पुढे पायी चढत, मैना कर्जतच्या बाजूच्या एका वाडीत पोहोचली. वाडीच्या खाली, झऱ्याच्या खड्ड्यापाशी एक बाई करवंटीने हंड्यात पाणी भरत होती. तिचं नाव आवडी. मैनाच्या खांद्यावरची कागदाची गुंडाळी पाहूनच तिने तोंड वाकडं केलं.

"तू कशापायी आलीस? मोजाया?"

"नाही मावशी, नकाशा तपासायला. नळाच्या योजनेसाठी."

"मागल्या साली येक आलता. त्याच्या आदी दोगं आलते. पानी पिऊन गेलं आमचंच." आवडीने करवंटी आपटली. "तुला पन तान लागली आसंल."

मैनाला खरंच तहान लागली होती, पण मागायची हिंमत होईना. आवडीने स्वतःच हंड्यातलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं.

"तुज्या कागदावं आमची वाडी कुटं हाय, दाव."

मैनाने कागद उलगडला. हिरवा रंग होता. तिने बोट ठेवलं.

"हितं तर रान हाय."

"हो," मैना म्हणाली. "ते मीच लिहिलंय."

आवडीने तिच्याकडे एकदा पाहिलं, हंडा डोक्यावर घेतला आणि चढाला लागली. जाताना एवढंच म्हणाली, "मंग पुस की. लिवलं तसं पुसाया काय व्हतं?"

दुसऱ्या दिवशी मैना सरांसमोर उभी राहिली. "सर, वाडीची आकृती मावत नसेल तर आकृती नको. ठिपका द्यायचा. विहिरींना आपण ठिपकेच देतो ना? ठिपक्याला लहान-मोठं काही नसतं. वाड्यांचा एक वेगळा थर करू आणि नकाशावर ठेवू."

"मुंबईच्या आराखड्यात असा थर नाही."

"पण मशीनमध्ये होतो की नाही?"

"होतो," सर नाइलाजाने म्हणाले. "पण नेमून दिलेलं काम संपल्यावर. आणि मला विचारू नकोस, मी पाहिलेलं नाही."

मग तिने ते सुरू केलं. प्रत्येक वाडीवर फुली, बटण, आणि कीबोर्डवर इंग्रजीत नाव. नावाला जागा थोडी, त्यामुळे दोन वेगळ्या ठाकूरवाड्यांची नावं तुटून एकसारखीच दिसायची. त्यांना आकडे द्यावे लागले. सगळं भरून झालं आणि ते साठवलेली फ्लॉपी खराब झाली. मशीन ती वाचेना. सरांनी उघडून पाहिलं तर आत तुसाची धूळ. मैना जिन्यावरून तरातरा खाली गेली आणि गिरणीच्या मालकाला नाही नाही ते बोलून आली. मालकाला यातलं काहीच कळलं नाही. त्याने तिला चहा पाजला. चहा पिऊन ती वर आली आणि पहिल्या वाडीपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी प्रधान सर "पुन्हा कर" म्हणाले नाहीत. त्यांनी दोन फ्लॉप्या पुढे केल्या आणि म्हणाले, "दोन्हीवर ठेव."

एप्रिलच्या शेवटी योजनेचे इंजिनीअर खालापूरहून नकाशा पाहायला आले. पेनाने नकाशा कागदावर उतरवणाऱ्या यंत्राचं पेन मध्येच वाळलं, ते बदललं, तेव्हा कुठे पुरा नकाशा बाहेर आला. इंजिनीअर साहेब त्यावर वाकले आणि सरळ झाले ते आठ्या घालूनच.

"हे लाल ठिपके कसले?"

"वस्त्या आणि वाड्या आहेत साहेब," मैना म्हणाली.

"कोणी सांगितलं होतं काढायला? माझा खर्चाचा अंदाज गावांपुरता आहे. आता हे सगळे बघितल्यावर मी काय, बघितले नाहीत म्हणू?"

"मी सांगितलं होतं," प्रधान सर म्हणाले.

मैनाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. सर मशीन पुसत होते.

साहेबांनी चरफडत ठिपके पाहायला घेतले. साजगावची वस्ती पाइपाला लागूनच होती. तिला नळ देणं भाग होतं. खालच्या दोन-तीन वाड्याही बसल्या. आवडीच्या वाडीवर आल्यावर त्यांनी मान हलवली. "ही डोंगरावर. पाणी चढणार नाही."

"किती उंचावर आहे साहेब?"

"उंच आहे एवढं दिसतंय की! तुमच्या मशीनला उंची माहीत आहे का?"

मशीनला उंची माहीत नव्हती. ती भरवायची तर उंचीच्या रेषा गिरवायला हव्यात, आणि सह्याद्रीच्या पायथ्याला त्या रेषा केसांच्या गुंत्यासारख्या एकमेकींना चिकटलेल्या. साहेब गेल्यावर मैना खुर्चीत बसून राहिली. आपल्या वस्तीला नळ मिळाला याचा तिला आनंद व्हायला हवा होता. तो होत नव्हता, याचाही तिला राग येत होता.

"किती रेषा आहेत, पाहिल्यास का?" सरांनी विचारलं.

"पाहिल्या. मला नाही जमायच्या. माझे डोळे गेलेत, मान गेलीय. मी उद्यापासून येत नाही."

सरांनी कपाट उघडलं, तो कागद काढला, टेबलावर बसवला आणि फडकं बाजूला ठेवून स्वतः ठोकळा हातात घेतला. बराच वेळ बटणाची टकटक ऐकू येत होती. मग मशीनने इंग्रजीत सांगितलं की रेष तुटली आहे.

"झालीय की पुरी!" प्रधान सर ओरडले. "आंधळं आहे का हे?"

मैनाला हसू फुटलं ते आवरेना. सर आधी रागावले, मग तेही हसले. ती उठली आणि म्हणाली, "सरका सर. तुमचा हात कापतोय."

मे महिनाभर दोघं आलटून पालटून रेषा गिरवत राहिले. खालची गिरणी आता कमी चालायची, त्यामुळे काम जरा धड होत होतं. रेषा पुऱ्या झाल्या तेव्हा दिसलं की शेजारच्या गावाची टाकी ज्या टेकाडावर बांधायची होती, ते आवडीच्या वाडीपेक्षाही उंच आहे. वाडीला पाणी चढवायचं नव्हतंच, टाकीतून उतरवायचं होतं. नकाशा घेऊन सर आणि मैना खालापूरला गेले. साहेबांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला, एक मोठा सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "ठेवून जा." मैनाला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. पण व्हायला दोन उन्हाळे गेले. पाइप आले, पावसात गंजत पडले, मग कोणीतरी ते पुरले. मैना तोवर त्याच वर्गात शिकवायला लागली होती. वाडीत नळ आल्याचं कळल्यावर ती एका रविवारी चढून गेली. आवडी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिने मैनाला लगेच ओळखलं.

"आलं का गं पाणी, मावशी?"

"आलं की. बस."

मैना बसली. तिला वाटलं, आता आवडी काहीतरी बरं बोलेल. श्रीपतबाबांनी तर वस्तीत नळ आला तेव्हा सगळ्यांना पेढे वाटले होते.

"भल्या पाटं येतं," आवडी म्हणाली. "कोंबडं आरवायच्या आदी. घटकाभर. आमी झोपंत, आन् पानी वाहून जातं. ही काय येळ झाली पानी सोडायची?"

"मावशी, ते मी नाही ठरवत. पाणी सोडणारा माणूस वेगळा आहे."

"तू नाय तर कोन? रान पुसून वाडी लिवलीस, मंग येळ लिवाया काय जड हाय?"

मैनाने कपाळाला हात लावला. पाणी सोडणारा माणूस कोण, तो बसतो कुठे, त्याला कोण सांगणार, हे तिला काहीच माहीत नव्हतं. ते शोधायचं म्हणजे पुन्हा खालापूरचे खेटे आले, पुन्हा ते साहेब, पुन्हा तो सुस्कारा.

"सांगते," ती वैतागून म्हणाली. "उद्या जाऊन सांगते."

"सांग," आवडी म्हणाली, आणि मोहाची फुलं एका हाताने सारून तिने मैनासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.