मोकळी वाट

आजोबांच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत अकरा पावले होती आणि ती चालण्याची त्यांची स्वतःची रीत होती: पलंगाचा कठडा, मग जड लाकडी स्टूल, मग कपाटाची कड, मग दाराची चौकट. पायांवरचा भरवसा उडाला की माणूस हातांनी चालू लागतो, हे त्यांची घरी येऊन देखभाल करणाऱ्या ताईला ठाऊक होते. तिला पाठवणाऱ्या संस्थेच्या छापील जोखीम-तक्त्याला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तक्ता कधी पडलेला नव्हता.

पाहणीला आलेल्या पर्यवेक्षकाने स्टुलावर बोट रोखले. "हा वाटेतला अडथळा. जोखमीचे दोन गुण."

"साहेब, ते धरूनच चालतात आजोबा."

"धरायचा तो भिंतीवरचा कठडा."

"मग बसवा की कठडा!"

"अर्ज वर गेलाय," म्हणत त्याने छताकडे पाहिले.

स्टूल गॅलरीत गेले. रोज सकाळी मोकळ्या वाटेचा फोटो पाठवायचे ठरले. जोखीम 'मध्यम'वरून 'अल्प'वर आली. पंच्याऐंशीचे आजोबा कागदोपत्री दोन मिनिटांत तरणेबांड झाले.

तिसऱ्या दिवशी ताई चहा गाळत असताना धप्प आवाज आला. ती धावली. आजोबा जमिनीवर होते, उजवा हात अजून स्टुलाच्या रिकाम्या जागेकडे लांबवलेला. कोपर सोलवटले होते, हाडे शाबूत होती.

"पडलो नाही गं. बसलो."

"जमिनीवर?"

"जमीन काय वाईट? इथून खाली तरी पडता येत नाही." मग त्यांनी तिचे मनगट घट्ट धरले. "लिहू नकोस, ताई."

गेल्या महिन्यातले एक पडणे नोंदीत होतेच. दुसरे लागले की घरची सेवा बंद, आणि मुलाने वृद्धाश्रमातली खोली पाहूनही ठेवली होती. पण लिहिले नाही, तर कठडा जन्मात येणार नाही आणि पुढच्या खेपेस कोपरावर भागणार नाही, हेही ताईला दिसत होते. तिने लिहिले: 'पडले. कारण: आपण हटवलेले स्टूल.'

दुपारीच पर्यवेक्षक दारात हजर. "ताई, कारणाला तक्त्यात जागाच नाही."

"म्हणून समासात लिहिलंय."

त्याने खिशातून पेन काढले. तोही दमलेला होता. "असं करू. तुम्ही कारण खोडा, मी पडणं खोडतो. आजोबा राहतील घरी."

"आणि कठडा?"

"कोणी पडलंच नाही, तर कठडा कशाला?"

ताईने आजोबांकडे पाहिले. उभा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेलेला तो माणूस शांतपणे म्हणाला, "खोड, बाई. रेघ तेवढी सरळ मार."

दुसऱ्या दिवसापासून ताई सकाळी स्टूल गॅलरीत ओढी, फोटो पाठवी आणि स्टूल पुन्हा जागेवर आणून ठेवी. आठवडाभर कोणी पडले नाही. तिची कंबर मात्र धरली.

"परवा माझी सुटी," ती म्हणाली. "बदलीच्या बाई येतील."

"स्टुलाचं सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं. म्हणाल्या, नियमात बसत नाही. फार प्रामाणिक आहेत हो."

"झालं! मग मी परवा उठतच नाही."

"दिवसभर? आणि लघवीला?"

आजोबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ताईने एका हाताने कंबर दाबत, दुसऱ्या हाताने महिन्यातली एकुलती सुटी नको असल्याचे कळवले. दहा मिनिटांत उत्तर आले. कार्यालयाने तिच्या सेवाभावाचे कौतुक केले होते.