लायकॉन राजाचा झगा

इमाम टेलरची नजर अधू झाली नि त्याचा टाका वाकडा जायला लागला. त्याच्या बायकोनं, अकिलानं, सहा महिने ते झाकून नेलं. तो जेवून आडवा झाला की ही मशीनवर बसायची आणि कच्चे दिसतील ते टाके गुपचूप पक्के करायची. सांगितलं असतं तर माणूस खचला असता, म्हणून तोंडाला कुलूप.

साताऱ्यातल्या माजी सैनिकांनी यंदा ग्रीक नाटक बसवलं होतं. लायकॉन नावाचा एक नीच राजा. दारी आलेला पाव्हणा खरंच देव आहे का, हे बघायला त्याच्या ताटात माणसाचं मांस वाढतो. पाव्हण्याशी असं वागणाऱ्याचं काय व्हायचं? देव त्याचा लांडगा करून टाकतो. राजाचा झगा इमामनं शिवला होता. वर लाल मखमल, आत काळी लोकर.

राजा झालेले सुभेदार उदयसिंह रंगमंचावर आले, तसा प्रेक्षकांत बसलेला इमाम बायकोच्या कानाशी लागला.

"आता बघ गंमत. खांद्याला मुद्दाम कच्चे टाके ठेवल्यात. एक हिसका, की मखमल खाली आनि लांडगा म्होरं!"

दुपारीच अकिलानं त्या खांद्यांवर दुहेरी शिलाई मारली होती.

देवानं शाप दिला. सुभेदारांनी हिसका मारला. झगा ढिम्म. पुन्हा मारला. मागं कुणीतरी खिदळलं.

"डोळ्यांनी दगा दिला गं, टाका भलताच बसला," इमाम पुटपुटला. "भर सभेत अब्रू गेली."

आता मात्र तिला राहवेना. "आवं, तुमचा न्हाई, माझा टाका हाय त्यो! सहा महिने मीच मारतीय."

तेवढ्यात सुभेदार गुरगुरले. मान वळवून त्यांनी खांद्याची शिवण दातांत धरली आणि टर्रकन फाडली. मखमल गळाली, काळी लोकर उभी राहिली. सभागृहात टाळ्यांचा नुसता कडकडाट. अकिलाचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. नवऱ्याकडं बघायची छाती होईना.

इमामनं डोळे पुसले. "माझा टाका वाकडा जातोय, ते मला ठावं हुतं. रोज भ्यायचो, आज कोन तरी कापड परत आननार. कुनीच आनलं न्हाई. वाटलं, लोकं माझी कीव करत्यात."

"कीव कशाची? शिलाई चांगली हुती की!"

"व्हय बाई, दातांनी फाडायला लागली." तो मोकळा हसला. "उद्यापास्नं माप माझं, मशीन तुझी. दिवसाढवळ्या बसायचं."