विमानतळ वगळून

पाचमिनिटे हे काही त्याचं आडनाव नव्हतं. पण हॉटेलातल्या झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्याला याच नावानं हाक मारायचे आणि तोही मुकाट ओ द्यायचा. बावीस वर्षं त्यानं हॉटेलची नऊ जणांची गाडी विमानतळापर्यंत नेली आणि आणली. मागे बसलेला पाहुणा घामाघूम होऊन विचारायचा, "अजून किती वेळ?" आणि हा आरशातून त्याच्याकडे बघत म्हणायचा, "पाच मिनिटं." बारा लागणार असली तरी पाच, नऊ लागणार असली तरी पाच. पण पाहुण्याचा जीव भांड्यात पडायचा, आणि बावीस वर्षांत एकाचंही विमान चुकलं नाही. आता याला खोटं बोलणं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

त्याची बायको त्याच हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या खोलीत कामाला. दुपारी एक वाजला की ती डबा घेऊन यायची आणि दोघं गाडीच्या शेवटच्या सीटवर बसून जेवायची. घरी रोज रात्री एकत्र जेवायचे ते वेगळं. तिथे त्याच्या सासूबाई असत, टीव्ही असे, शेजारीपाजारी असत. मागच्या सीटवरचा हा अर्धा तास मात्र दोघांचा. बावीस वर्षांत त्यात खंड पडला नव्हता. एकदा भांडण झालं होतं तेव्हासुद्धा न बोलता जेवले, पण जेवले तिथेच.

असं सगळं सुरळीत चाललेलं, आणि आली ती बस कंपनी!

शहरात बस चालवणारी मोठी कंपनी. तिनं एका सहीसरशी हॉटेलांच्या विमानतळ गाड्या आपल्या ताब्यात घेतल्या. गाडी गेली, चाळीस जणांची बस आली. पाचमिनिटेला खाकी शर्ट मिळाला, टोपी मिळाली आणि नियमांची चोपडी मिळाली. चोपडीत पहिलाच नियम होता की बस म्हटली की थांबे हवेत. मग हॉटेल ते विमानतळ या बारा मिनिटांच्या रस्त्यावर सतरा थांबे बसवले. साबणाच्या कारखान्याचं मागचं फाटक, गुरांचा दवाखाना, एक बंद पडलेला पोहण्याचा तलाव. तिथे काळं कुत्रंही चढत नसे, तरी प्रत्येक ठिकाणी बस पूर्ण थांबवायची, दार उघडायचं, वीस आकडे मोजायचे आणि "कृपया पुढे सरका" असं म्हणायचं. कुणाला म्हणायचं? ते चोपडीत नव्हतं.

दुसरा नियम म्हणजे प्रत्येक बस गोल फिरून निघाल्या जागी परत यायला हवी. कंपनीच्या सगळ्याच बसगाड्या अशा गोल फिरत. त्यामुळे बारा मिनिटांचा रस्ता पाऊण तासाचा झाला, आणि पूर्ण फेरी सव्वा तासाची. पाहुण्यांनी आठवडाभर सोसलं. मग ते टॅक्सीनं जायला लागले. पाचमिनिटे रिकामी बस घेऊन गुरांच्या दवाखान्यासमोर "कृपया पुढे सरका" म्हणत राहिला.

आणि तिसऱ्या महिन्यात नोटीस आली. येत्या गुरुवारी हॉटेलच्या थांब्यावर मोजणी होईल. दिवसभरात साठ प्रवासी चढले नाहीत तर हा मार्ग बंद, आणि ड्रायव्हरची बदली पलीकडच्या डेपोत. पलीकडचा डेपो म्हणजे चार तासांचा प्रवास. तिथेच खोलीवर राहायचं, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचं.

त्यानं नोटीस घरी मोठ्यानं वाचून दाखवली. बायको उठली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. ते पाहून मात्र त्याला भडभडून आलं.

"पंधरा दिवसांतून एकदा?" सासूबाई कडाडल्या. "माझी लेक काय एकटी जेवणार? जावईबापू, साठच माणसं हवीत ना? मी आणते."

सासूबाईंच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या सहा मैत्रिणी होत्या. त्या सहा आणि या एक, झाल्या सात. सात बायका नऊ फेऱ्या, म्हणजे त्रेसष्ट. हिशेब पक्का. "पण विमानतळाला जाणारी माणसं रिकाम्या हातांनी कशी जातील?" सासूबाईंनी स्वतःच शंका काढली. मग हॉटेलात पाहुणे विसरून गेलेल्या सामानाची जी खोली होती, तिची किल्ली बायकोनं हळूच आणली. "मी खोटं बोलणार नाही हं," ती म्हणाली. "मी फक्त किल्ली आणली." सासूबाईंनी चाकांची लाल बॅग पटकावली. एकीच्या वाट्याला गिटारीची पेटी आली. ती कुरकुरली, पण घेतली.

गुरुवारी सकाळी सात वाजता मोजणीसाहेब आले. हातात टिकटिक वाजणारं आकडेयंत्र, चेहऱ्यावर माशीही हलणार नाही असा करारीपणा. दारातल्या सीटवर बसले. सात बायका चढल्या. टिक टिक टिक. सासूबाईंनी तर थांब्यावर लेकीच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की चादरीवाल्या चार पोरी धावत बाहेर आल्या. पाचमिनिटेनं कपाळावर हात मारला.

बस सतरा थांबे घेत विमानतळाला पोचली. बायका उतरल्या, बॅगा घेऊन बसच्या पुढून वळसा घातला आणि पुन्हा चढल्या. टिक टिक टिक. हॉटेलपाशी उतरल्या. परत चढल्या. परत टिकटिक.

तिसऱ्या फेरीला मोजणीसाहेबांनी विचारलं, "मावशी, तुम्ही मघाशी गेला होतात ना?"

पाचमिनिटेच्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाई म्हणाल्या, "विमान चुकलं."

साहेबांनी टिपून घेतलं. पाचव्या फेरीला त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "खिडकीची जागा देत नव्हते. मी म्हटलं, मग राहू द्या तुमचं विमान तुम्हालाच." साहेबांनी तेही टिपून घेतलं. सातव्या फेरीला त्यांनी विचारलंच नाही. उठून त्यांची लाल बॅग वर चढवून दिली आणि म्हणाले, "मावशी, धीर सोडू नका."

पाचव्या आणि सहाव्या फेरीच्या मध्ये एक खराखुरा पाहुणाही चढला, बटणांचा व्यापारी. त्याला वाटलं, ही सगळी मंडळी विमानाचीच. विमानतळावर उतरला आणि विमानानं निघून गेला. पाचमिनिटेला मनापासून आनंद झाला. चला, तेवढंच एक खरं माणूस!

संध्याकाळी आकडेयंत्रावर हॉटेलच्या थांब्याची बेरीज चौसष्ट झाली. सासूबाईंच्या पायांना गोळे आले होते, पण त्या अशा थाटात घरी आल्या की जणू जग पालथं घालून आल्यात. बायकोनं त्यांच्या पायांना तेल लावलं. त्या रात्री किती तरी दिवसांनी घरात हसण्याचा आवाज झाला.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. ते असं:

"हॉटेलच्या थांब्यावर चढलेले प्रवासी चौसष्ट. हॉटेलच्याच थांब्यावर उतरलेले प्रवासी त्रेसष्ट. म्हणजे प्रवाशांना हॉटेलहून हॉटेललाच जायचे असते, हे मोजणीतून सिद्ध झाले आहे. मधल्या विमानतळामुळे त्यांची विनाकारण अडवणूक होते, त्यांना बॅगांसह उतरून पुन्हा चढावे लागते. वयस्कर महिलांचे हाल प्रत्यक्ष पाहण्यात आले. सबब, विमानतळ वगळून हा मार्ग कायम करण्यात येत आहे. एक प्रवासी परत आलेला नाही; त्याचा शोध चालू आहे. ड्रायव्हरने मार्ग सोडल्यास त्याची तात्काळ पलीकडच्या डेपोत बदली होईल."

पाचमिनिटेनं पत्र चार वेळा वाचलं. मग तो थेट कंपनीच्या कचेरीत गेला. "साहेब, ही विमानतळाची बस आहे हो!"

"होती," मोजणीसाहेब म्हणाले. "तुम्हाला मार्ग हवा होता ना? दिला की. शिवाय फेरी वीस मिनिटांनी कमी झाली. अभिनंदन."

कप्पाळ! तो परत आला. बस कायम, नोकरी कायम, दुपारचा एक वाजता पाव तासाचा विसावा हॉटेलच्याच थांब्यावर, डबा शेवटच्या सीटवर. मागितलं होतं ते सगळं पदरात पडलं होतं. सासूबाईंना तर कंपनीनं सन्मानाचा पास दिला. त्या रोज खिडकीजवळ बसून दोन फेऱ्या मारायच्या. बस हॉटेलवरून निघायची, साबणाचा कारखाना, गुरांचा दवाखाना, पोहण्याचा तलाव करत विमानतळाच्या कमानीसमोरून जायची आणि वळून हॉटेलला यायची. कमानीपाशी आली की पाचमिनिटेचा हात आपोआप डावीकडे वळायचा, आणि तो त्याला दामटून सरळ करायचा. डब्यातला घास मात्र त्याला पूर्वीसारखा गोड लागेना. बायकोच्या ते लक्षात आलं होतं.

बसच्या कपाळावरची पाटी बदलायला कंपनी विसरली होती. त्यावर अजून "विमानतळ" असंच होतं.

एका मंगळवारी बाराच्या आधी एक बाई चढली. पन्नाशीची, नव्या कोऱ्या चपला, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीला दोन्ही हातांनी धरलेलं. "विमानतळ ना?" तिनं विचारलं. पाचमिनिटे काही बोलायच्या आत मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, आणि बस निघाली. तो स्वतःशी म्हणाला, उतरेल, कळेल तिला, टॅक्सी घेईल. बाई उतरली नाही. कमान आली, गेली. हॉटेल आलं. बाई तशीच बसून. तिला वाटलं, रस्ताच असा असेल.

एक वाजता बस थांब्यावर उभी राहिली. बायको डबा घेऊन मागच्या दारानं चढली. दोघं शेवटच्या सीटवर बसली. तेवढ्यात पुढून बाई वळून म्हणाली, "दादा, पहिल्यांदाच विमानात बसतेय, म्हणून विचारते. भाऊ दवाखान्यात आहे हो माझा. सव्वादोनला विमान आहे. विमानतळ अजून किती लांब?"

आणि याच्या तोंडून बावीस वर्षांच्या सवयीनं निघून गेलं, "पाच मिनिटं."

बाईनं हसून मान डोलावली आणि निश्चिंत पुढे बघत बसली.

पाचमिनिटेनं हातातला घास परत डब्यात ठेवला. आजवर हे दोन शब्द तो हजार वेळा बोलला होता, पण असे कधी नव्हता बोलला. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती हातातल्या घासाकडे बघत होती.

"न्या तिला," ती म्हणाली.

"अगं, पण पत्रात काय लिहिलंय..."

"वाचलंय मी. न्या." आणि तिनं डब्याचं झाकण लावलं.

"तुझी सुट्टी संपेल."

"चादरी काही पळून जात नाहीत. उठा आधी!"

तो उठला. सतरातला एकही थांबा न घेता त्यानं बस अशी काढली की गुरांच्या दवाखान्यातली म्हैस मान वळवून बघत राहिली. कमानीपाशी हात डावीकडे वळला, आणि या वेळी त्यानं वळू दिला. कंपनीनं छताला बसवलेल्या यंत्रातून गोड आवाज आला, "आपण मार्ग सोडला आहे. कंपनीला कळवण्यात आले आहे."

"कळव! कळव!" खिडकीजवळ आपली रोजची फेरी मारायला बसलेल्या सासूबाई यंत्रावर ओरडल्या. "मोठी आली कळवणारी! जावईबापू, तुम्ही चालवा हो!"

एक वाजून एकोणतीस मिनिटांनी बस विमानतळाच्या दाराशी थांबली. बाई उतरली, चार पावलं गेली, मागे वळली आणि लांबूनच हात जोडले. मग नव्या चपला हातात घेऊन धावत सुटली. ती काचेच्या दारातून आत जाईपर्यंत पाचमिनिटे बघत राहिला. यंत्र बोलतच होतं. आता त्यात बदलीचा हुकूमही होता आणि उद्या सकाळी हजर व्हायची वेळही.

सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि त्या बाहेर बघत बसल्या.

बायको शेवटच्या सीटवरून उठली, डबा घेऊन पुढे आली आणि ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसली. बावीस वर्षांत ती तिथे कधी बसली नव्हती. तिनं उरलेली अर्धी पोळी त्याच्या हातात दिली. त्यानं ती तिथेच, चाकावर कोपर टेकून खाल्ली. गोड लागली.

"अहो," ती आरशात बघून म्हणाली. डोळे भरले होते, तरी हसत होती. "तो पलीकडचा डेपो किती लांब म्हणालात?"

त्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. "पाच मिनिटं," तो म्हणाला.

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.