उघड्या डोळ्यांची प्रार्थना

प्रार्थनेला सगळी मंडळी डोळे मिटायची आणि साक्षीबाई तेवढ्या टक्क उघडे ठेवून उभ्या राहायच्या. यात उद्धटपणा नव्हता, नाइलाज होता. डोळे मिटले तर आमेन कधी म्हणायचं ते कळणार कसं? बाईंना ऐकू येत नव्हतं. लहानपणच्या तापात कान गेले ते गेलेच. ही गोष्ट चर्चमध्ये त्यांच्या नवऱ्याखेरीज कोणाला माहीत नव्हती. निदान त्यांची तशी समजूत होती.

बाकी जगाच्या लेखी त्यांचे कान प्रभूने बरे केले होते. काही वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी भर उपासनेत त्यांना व्यासपीठावर बोलावलं, कानामागचं मशीन स्वतःच्या हाताने काढलं आणि विचारलं, "ताई, ऐकू येतं का?" ओठ वाचण्यात बाईंचा हातखंडा. प्रश्न कळला. समोर एवढी माणसं आशेने बघत असताना नाही कसं म्हणायचं? म्हणून त्या हो म्हणाल्या. पोट भरलेलं असताना यजमानीणबाईंच्या आग्रहापुढे आणखी एक घास घ्यावा, तितक्या सहज. सभागृह उड्या मारू लागलं, पायाखालची फळी थरथरली आणि क्षणभर बाईंनाही वाटलं, आलं ऐकू. घरी पोचेपर्यंत ते वाटणं विरून गेलं. तोवर मशीन काचेच्या पेटीत घालून भिंतीवर लागलंसुद्धा होतं.

मग मागे फिरायची सोय राहिली नाही. त्यांचं नावच साक्षीबाई पडलं. दरवर्षी त्यांनी व्यासपीठावर उभं राहून तीच साक्ष द्यायची आणि लोकांनी तेच डोळे पुसायचे. नवऱ्याला चर्चच्या साउंडचं काम मिळालं, आवारात राहायला खोली मिळाली. उपासनेत कोणी बाईंना मागून हाक मारली की नवरा साउंडच्या मशीनमागून हळूच बोट वर करी, बाई वळून हसत. संसार असाही चालतो.

ओठांचा प्रकार अलीकडचा. एका रविवारी प्रार्थना चालू होती, शब्द पडद्यावर होते, आणि पहिल्या रांगेतल्या निवृत्त मास्तरांचे ओठ पडद्याशी जुळेनात. बाईंना वाटलं, म्हातारा माणूस, चुकला असेल. शेजारी त्यांची सून होती. तिचेही जुळेनात. मागची रांग, त्यामागची रांग, सगळ्यांचे डोळे मिटलेले, चेहरे शांत, आणि सगळ्यांचे ओठ एकाच वेळी एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होते. आम्हाला ठाऊक आहे. आम्हाला ठाऊक आहे.

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. प्रार्थना संपली, डोळे उघडले, आणि तीच सून हसत हसत विचारायला आली की माझ्या झग्याची उंची कधी कमी करून देताय.

"अहो, आज प्रार्थनेत लोक काय म्हणत होते?" घरी त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"पडद्यावर होतं तेच. आणखी काय म्हणणार?" त्याने तोंड फिरवलं. तोंड फिरवलं की या घरात बोलणं संपायचं.

मग दर रविवारी तेच. बाईंना मूग गिळून बसायची सवय जुनीच होती.

चर्चच्या फाटकासमोर त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. सुई टाका सोडू लागली तर ते त्यांना पायाच्या तळव्यातून कळे. तिथे एक आई आपल्या लेकीला घेऊन आली. पोर जेमतेम शाळेत जाणारी, कानामागे नवंकोरं मशीन, आणि ते लागल्यापासून बोलायला शिकत असलेली. पांढरा फ्रॉक कमरेत आवळून हवा होता.

"रविवारी घालायचाय," आई म्हणाली. "पाळकसाहेब हिचंही मशीन काढणार आहेत. कायमचं. मशीन घातलं म्हणजे विश्वास अर्धा, असं म्हणाले. माझं मन धजत नव्हतं, ताई. पण तुम्हाला बघते ना, धीर येतो. तुम्ही शेजारी उभ्या राहाल ना?"

फ्रॉकला टाचण्या लावायला त्या खाली बसल्या, तर पोरगी त्यांच्याकडे एकटक बघत होती. तिने आवाज न करता नुसते ओठ हलवले. तुला पण येत नाही ना ऐकू?

बहिऱ्या माणसाला बहिरं माणूस ओळखू येतं, त्याला चमत्कार लागत नाही. बाईंनीही नुसते ओठ हलवले. नाही. पोरगी खुदकन हसली. आई पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

त्या संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला समोर बसवलं. "मी रविवारी खरं सांगणार आहे."

"वेडी आहेस का? राहायचं कुठे? खायचं काय?"

"त्या पोरीचं मशीन काढलं तर ती बोलायची थांबेल. मला ते बघवणार नाही."

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "बरं. सांग तुला सांगायचं ते." बाईंच्या जिवात जीव आला. नवरा चांगला माणूस होता, फक्त घाबरट होता, आणि घाबरट माणूस इतक्या पटकन बरं म्हणत नाही, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

रविवारी सभागृह खच्चून भरलं होतं. पाळकसाहेबांनी बाईंच्या हातात माईक दिला. पोरगी आईचं बोट धरून पायरीपाशी उभी होती.

"मला ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "मशीन काढल्यापासून कधीच आलं नाही. त्या दिवशी मी खोटं बोलले. या मुलीचं मशीन काढू नका."

आणि लोक हसले. प्रेमाने हसले. हात वर गेले, रुमाल निघाले, मास्तरांच्या सुनेने दरवर्षीप्रमाणे डोळे टिपले. बाईंना भरून आलं. माफ केलं की काय यांनी? एवढं सोपं होतं?

त्यांचा तोल गेल्यासारखा झाला म्हणून त्यांनी शेजारच्या स्पीकरवर हात टेकला. खोका तळहाताखाली थरथरत होता. बाईंनी बोलणं थांबवलं. खोका थरथरतच राहिला. त्यांनी ओठ घट्ट मिटले, माईक खाली केला. थरथर तशीच, मध्ये जरा थांबणारी, पुन्हा चढणारी, बोलणाऱ्या माणसाची. ती लय बाईंना पाठ होती, गेल्या वर्षीच्या साक्षीचं रेकॉर्डिंग चालू होतं. त्यांचाच आवाज त्यांच्यावाचून बोलत होता.

नवरा साउंडच्या मशीनमागे मान खाली घालून बसला होता. त्याचा राग यायलाही बाईंना सवड मिळाली नाही, कारण त्यांची नजर मंडळीवर गेली. बाईंचं तोंड बंद आहे आणि आवाज चालू आहे, हे तिथल्या प्रत्येक माणसाला स्वच्छ दिसत होतं. एकाच्याही कपाळाला आठी पडली नाही. पाळकसाहेबांनी हात वर केला, सगळ्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलू लागले. आम्हाला ठाऊक आहे. आम्हाला ठाऊक आहे.

मिटलेल्या डोळ्यांच्या त्या गर्दीत तीन माणसांचे डोळे उघडे होते. बाईंचे, पोरीचे आणि तिच्या आईचे.

पाळकसाहेबांनी डोळे मिटूनच पोरीच्या कानाकडे हात नेला. पोरीने दोन्ही हातांनी मशीन दाबून धरलं. बाई पायरी उतरून मधे आल्या. आई बाईंच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत होती, मग तिने आवाज येत होता त्या स्पीकरकडे बघितलं, मग पुन्हा बाईंकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तिने ओठ दिसणार नाहीत असा आपल्या तोंडावर आडवा हात धरला आणि हाताआडून बाईंना काहीतरी विचारलं.

काय विचारलं ते बाईंना आजतागायत माहीत नाही. त्या हातामागे गाल हलताना दिसले, एवढंच. इतक्या वर्षांत हो म्हणायची एवढी सवय लागली होती की तो शब्द जिभेवर येऊन पोचलासुद्धा होता. तो त्यांनी गिळला.

"मला कळलं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही काय म्हणालात ते मला कळलं नाही."

आईने हात खाली घेतला, पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि डोळे मिटलेल्या माणसांमधून वाट काढत ती दाराबाहेर निघून गेली.